आधी पान उलटून बघा



अष्टान्हिका झाली, चातुर्मास लागला. गेल्या शुक्रवारी स्वाध्याय संपल्यावर बस्तीच्या ओट्यावर आम्ही पाचसहा जणी पाऊस थांबायची वाट बघत होतो. तेव्हा एका वहिनींनी विषय काढला. त्यांच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर "पांढरं पांढरं काहीतरी" दिसतंय, कोवळी पानं आक्रसलीत. "औषध फवारू का नको? चातुर्मासात हात धजत नाही हो."

लगेच तीन मतं आली. एक मोठ्या काकू म्हणाल्या, "आपण हात लावायचा नाही. ज्याचं त्याचं कर्म." दुसरीनं सांगितलं, "कडुनिंबाचं तेल मार की! सेंद्रिय असतं, त्यात कसलं पाप?" तिसरी म्हणाली, "कुंडीच नेऊन टाक कचऱ्यात, कटकटच नको."

मी गप्प बसले. माझं म्हणणं दोन वाक्यांत मावणारं नव्हतं आणि पाऊसही थांबला होता. म्हणून आज लिहितेय. तिघींपैकी कुणाचंच मला पटलेलं नाही. त्याचं कारण एवढंच की ते पांढरं म्हणजे नक्की काय आहे, हे तिघींपैकी एकीनंही विचारलं नाही. वाळलेल्या पाण्याचे डाग आहेत, बुरशी आहे, की जीव आहे? जीव असेल तर कुठला? तो झाड खाणारा आहे की झाड खाणाऱ्याला खाणारा? हे माहीत नसताना "मारू नको" म्हणणं सोपं आणि "मार" म्हणणंही सोपं.

काकूंचं मत दोन वर्षांपूर्वी माझंही होतं, म्हणून त्याबद्दल आधी सांगते.

आमच्या गॅलरीत सासूबाईंची जास्वंद आहे. जुन्या घराच्या परसातली लाल, एकेरी पाकळ्यांची. घर विकलं तेव्हा त्यांनी तिची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि कुंडीत लावली. आता सासूबाई नाहीत, जास्वंद आहे. (पूजेला फूल वाहायचं की नाही हा वाद इथं नको, त्यावर आपण फार भांडलोय.) दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिच्या शेंड्याच्या बेचक्यात कापसाचा बारका पुंजका दिसला. मला वाटलं, जीव आहे तर असू दे, आपल्याला काय त्रास? रोज पाणी घालताना दिसायचा, मी नजर बाजूला करायची. खरं सांगते, मला त्यात थोडं बरंही वाटायचं. आपण किती दयाळू, असं.

मेपर्यंत सगळी झाड पांढरंशुभ्र झालं. शेजारची तुळस, कढीपत्ता आणि शेवंतीच्या दोन कुंड्याही. फरशी चिकट झाली, मुंग्यांच्या रांगा लागल्या. एका रविवारी मी बस्तीत गेले असताना आमच्या ह्यांनी माझ्या भावाला फोन केला, त्यानं बागेसाठी आणलेल्या औषधातलं थोडंसं कुणाबरोबर तरी पाठवलं आणि ह्यांनी फवारलं. मी आले तेव्हा फरशीवर सडा पडलेला. पिठासारखे पांढरे जीव, शेकड्यांनी. त्यांच्यात मुंग्या, दोन मधमाश्या आणि एक नारिंगी डोक्याचा बारका भुंगा. हे स्वतःही गांगरले होते. "एवढे असतील असं मला काय माहीत?" एवढंच म्हणाले.

मी काय बोलणार? पहिल्या दिवशी एक पुंजका होता. दोन महिने मी बघून न बघितल्यासारखं केलं. फवारणारे हात ह्यांचे, पण कृत-कारित-अनुमोदना आपण रोज म्हणतो, त्यात माझं नाव कुठं येतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी आलोचना पाठ म्हणताना आवाज फुटला नाही.

तो पांढरा जीव म्हणजे पिठ्या ढेकूण. तासगाव-मिरज भागात द्राक्षबाग असलेल्या घरात हे नाव पोरांनाही माहीत असतं. मी त्याच घरातली मुलगी, पण बागेतला पिठ्या ढेकूण आणि गॅलरीतला कापूस एकच हे माझ्या डोक्यात आलं नाही. नावात ढेकूण असला तरी तो रक्त पीत नाही. सुईसारखं तोंड देठात खुपसून झाडाचा रस पितो. अंग तीनचार मिलिमीटरचं, वर मेणाची पांढरी पूड. कापसासारखा जो पुंजका दिसतो तो बहुतेक वेळा अंड्यांची पिशवी असते आणि एका पिशवीत काहीशे अंडी असतात. मादीला पंख नसतात, ती फारशी हलतही नाही. नराला पंख असतात पण तोंडच नसतं, तो दोनचार दिवसांत संपतो. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. पिल्लं मात्र चालतात. तीच एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर जातात, कधी वाऱ्यानं, कधी मुंग्यांबरोबर, कधी आपल्याच पदराला चिकटून. उन्हाळ्यात महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. आता हिशेब करा, मार्चमधल्या एका पुंजक्याचे मेमध्ये किती झाले असतील.

आणि फरशीवरचा तो नारिंगी डोक्याचा भुंगा? ती मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आहे. तो लेडीबर्ड म्हणजे चित्रांगी भुंग्यांच्या कुळातला, पिठ्या ढेकूण खाऊन जगणारा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांवरच्या किडीसाठी भारतात आणलेला. आज द्राक्षबागांतही सोडतात. त्याचं पिल्लू अगदी पिठ्या ढेकणासारखंच दिसतं, पांढरं, अंगावर मेणाच्या झिरमिळ्या. फरक एवढाच की ते आकारानं मोठं असतं, चांगलं सेंटिमीटरभर होतं आणि झपझप चालतं. पिठ्या ढेकणाला काडी लावली तरी तो जागचा हलायला तयार नसतो. म्हणजे त्या मे महिन्यात माझ्या जास्वंदीवर इलाज आपला आपण चालत आलेला होता. तो आम्हाला ओळखता आला नाही आणि आम्ही दोघांनाही एकाच फवाऱ्यात संपवलं.

यावर कुणी म्हणेल, मग हे भुंगे विकत आणून सोडायचे. मला ते मान्य नाही. एका जीवाला दुसऱ्याच्या अंगावर मुद्दाम सोडणं हे कारित झालं, त्याला "नैसर्गिक" म्हटल्यानं ते बदलत नाही. पण जो आपला आपण आलाय त्याला मी हाकलणार नाही आणि ओळखता न येऊन मारणारही नाही. यात फरक आहे असं मला वाटतं.

आता कडुनिंबाबद्दल. "सेंद्रिय आहे म्हणून पाप नाही" हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता राग येतो. सेंद्रिय कुणासाठी? आपल्यासाठी. आपल्या मुलांना, मातीला, पाण्याला कमी अपाय होतो म्हणून. त्या किड्याच्या बाजूनं बघा. कडुनिंबाच्या अर्कानं त्याचं खाणं बंद होतं, त्याला कात टाकता येत नाही आणि तो कुढत मरतो. साबणाच्या पाण्यानं अंगावरचं मेण जातं आणि तो वाळून मरतो. बाटलीवर हिरवं पान छापलं म्हणून मरणाऱ्याचं मरण हिरवं होत नाही. तुम्हाला मारायचं असेल तर मारतेय असं स्वतःशी कबूल करा. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द आधी येतो, प्राण जाणं नंतर. आपण स्वतःची फसवणूक करतो तिथं प्रमाद आणखी कुठं शोधायचा?

कुंडी कचऱ्यात टाकणं हाही मार्ग नाही. त्यात झाडही मरतं, किडेही मरतात, मातीतली गांडुळंही. फक्त आपल्या डोळ्यांआड, एवढंच.

मग श्रावकानं काय करायचं? संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी अशा चार हिंसा आपण पाठशाळेत शिकलो. संकल्पी पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन जमतील तितक्या कमी करायच्या. माझा भाऊ द्राक्षावर फवारतो तेव्हा त्याच्यापुढे वर्षाचं कर्ज असतं, मजुरांची पगारी असते. ती उद्योगी हिंसा, आणि त्याला तिचं वाईट वाटतं हे मला माहीत आहे. पण गॅलरीतल्या सहा कुंड्यांसाठी मी त्याचा शब्द उसना घेऊ शकत नाही. माझं पोट त्यावर नाही. कुणी म्हणतं, घरकामातलीच गोष्ट, म्हणून आरंभी. स्वयंपाक न करून चालत नाही, जास्वंद न लावून चालतं. हौसेसाठी बाळगलेल्या झाडावरचा जीव स्पिरिटच्या बोळ्यानं टिपून मारायचा याला मी तरी संकल्पी म्हणते. कुणाला पटणार नाही, पण मला यातून पळवाट सापडलेली नाही.

म्हणून सगळा जोर वेळेत ओळखण्यावर द्यायचा. आठवड्यातून एकदा, उजेड असताना, प्रत्येक झाडाची चार पानं उलटून बघायची. किडे बहुतेक खालच्या बाजूलाच असतात. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघायचा, आमच्या वयाला तो फार उपयोगी आहे.

मावा सगळ्यांनी पाहिलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. शेवंतीच्या, गुलाबाच्या, जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर हिरवे किंवा काळे टिंबाएवढे जीव दाटीवाटीनं बसलेले. मावा अंडी घालत बसत नाही. आपल्याकडच्या उबदार हवेत माद्या नराशिवायच जिवंत पिल्लांना जन्म देतात आणि ती पिल्लं आठदहा दिवसांत स्वतः आया होतात. त्यामुळे "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायची सोयच नाही. मावा आणि पिठ्या ढेकूण दोघंही रस पिऊन जास्तीची साखर गोड चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतात. फरशी चिकट होते ती त्यानं. त्यावर काळी बुरशी धरते, ती पानावर बसलेल्या काजळीसारखी असते, ओल्या फडक्यानं पुसली की जाते. आणि त्या गोडासाठी मुंग्या येतात.

इथं आपल्या बायकांची मोठी चूक होते. मुंग्या दिसल्या की "झाडाला मुंग्या लागल्या" म्हणायचं आणि मुंग्यांचा खडू ओढायचा. मुंगी झाड खात नसते. ती गोड न्यायला येते आणि त्या बदल्यात माव्याची राखण करते, त्याला खायला आलेल्या भुंग्यांना हुसकते. खडूनं मरतात मुंग्या, मावा जिथल्या तिथं. म्हणजे ज्या त्रींद्रिय जीवाचं नाव पाठशाळेतलं पोरगंही घडाघडा सांगतं त्यालाच विनाकारण मारलं. मी आता कुंडी भिंतीपासून वीतभर पुढं ओढते आणि कठड्याला टेकणारी फांदी बांधून घेते. वाट तुटली की मुंग्या दोनतीन दिवसांत दुसरीकडे जातात.

बाकीचे भराभर सांगते. पान हलवलं की पांढऱ्या पिठाचे कण उडाल्यासारखे दिसले तर पांढरी माशी. फुलाच्या पाकळीवर, पानावर चंदेरी ओरखडे आणि बारीक काळे ठिपके असतील तर फुलकिडे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पान फिकट, ठिपक्याठिपक्यांचं झालं आणि खाली कोळिष्टकासारखी अगदी बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पान पांढऱ्या कागदावर झटकलं की लाल टिंब चालायला लागतात. देठावर तपकिरी फोड आला असेल तर नखानं हलकंच ढकलून बघा, सुटला तर खवले कीड, नाहीतर ती झाडाची सालच. मनी प्लांटवर ही फार असते.

पानात पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर नागअळी. ती पानाच्या आत असते, वरून कितीही फवारलं तरी तिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. चारदोन पानांवर रेघा आल्या म्हणून झाड मरत नाही, सोडून द्या. आणि गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले असतील तर आनंद माना. ती एका जातीची मधमाशी असते. पान खात नाही, घरट्याला अस्तर लावायला तुकडे नेते. आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी त्यासाठी सगळ्या गुलाबावर औषध मारलं होतं.

खवले किडीवरून एक गोष्ट आठवली, विषयाला सोडून नाही. आपण ज्याला लाख म्हणतो ती पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या एका खवले किडीनंच स्वतःभोवती केलेलं आवरण. एक पाव किलो लाखेसाठी किती जीव जात असतील याचा अंदाज करा. म्हणून तर श्रावकाचारातल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य वर्ज्य सांगितलंय. विषवाणिज्यही त्याच यादीत आहे. आपल्या पूर्वाचार्यांनी कीटक बारकाईनं पाहिले होते, नुसतं "जीव मारू नका" म्हणून थांबले नव्हते. कुठल्या वस्तूत कुठला जीव आहे हे त्यांना माहीत होतं. आणि आपण? रेशीम सोडलेल्या कितीतरी जणी लग्नात हातभर लाखेच्या बांगड्या भरतात. पाकिटावर रंगाचा क्रमांक १२० असेल तर तो लाल रंग निवडुंगावरच्या अशाच एका किड्याचा असतो, पिठ्या ढेकणाच्या नात्यातला. चकाकी आणायला वापरतात ते ९०४ म्हणजे लाखच. कांदा-बटाटा नाही ना हे आपण तीनदा विचारतो, हे एकदाही वाचत नाही. मी पण पन्नाशीपर्यंत वाचलं नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आपल्याच घरातलं आहे. कुंडीतल्या बऱ्याचशा किडीला आमंत्रण आपण देतो. मनी प्लांटच्या कुंडीतून उडणारी, चेहऱ्याभोवती घोंघावणारी बारकी काळी चिलटं बघितलीत? पावसाळ्यात सगळ्यांकडे असतात. त्यांची अंडी आणि अळ्या मातीच्या वरच्या दोन बोटं थरात असतात आणि त्या तिथली बुरशी, कुजलेला पाला खातात. माती वरून कायम ओली राहिली की त्यांची पैदास होते. आणि आपण काय करतो? चहाचा चोथा टाकतो, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी ओततो, उरलेलं ताक ओततो. "झाडाला खत होतं" म्हणतो. प्यायचं पाणी गाळून घेणाऱ्या, जिवाणी जपून परत पाण्यात सोडणाऱ्या आजीच्या नाती आपण, आणि गॅलरीत अन्नाचं पाणी कुजवून त्यात जीव उपजवतो! मग ते उडायला लागले की फवारा शोधतो. हे मी आधीचं चार महिने करत होते. बंद केलं, वरची माती दोन बोटं सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही असं ठरवलं. चिलटं तीनचार आठवड्यांत आपोआप कमी झाली, एकालाही हात न लावता.

तसंच खताचं. फुलं जास्त यावीत म्हणून युरिया घातला की पालवी लुसलुशीत, रसाळ फुटते आणि मावा तिच्यावरच येतो. झाड अर्धपोटी ठेवा असं नाही म्हणत, पण आपल्या हव्यासाचा आणि किडीचा संबंध आहे हे मी कुंडीत पाहिलंय. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत, वारा खेळला पाहिजे. नवीन रोप आणलं की दोनतीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवावं. उन्हाळ्यात लाल कोळी येऊ नये म्हणून पानांच्या खाली थोडं पाणी शिंपडावं, आणि पाणीही एकेंद्रिय आहे हे लक्षात ठेवून वाटीभरच, नळी लावून नव्हे.

एवढं करूनही एखादा पुंजका येतोच. आला की मी रंगाच्या मऊ ब्रशनं तो कागदावर उतरवून घेते किंवा तो शेंडाच खुडते आणि इमारतीच्या मागं पडक्या जागेत गाजरगवत माजलंय तिथं नेऊन ठेवते. त्यावरही ते जगतात. कुणाच्या बागेजवळ नाही ठेवायचं, नाहीतर आपली अहिंसा दुसऱ्याच्या माथी. तिथं नेलेले सगळे वाचतात असा माझा दावा नाही. काही मरतात, त्याचं पाप माझ्याकडेच, ते मी प्रतिक्रमणात धरते. पण पाच-दहांचं आणि पाचशेंचं एकच, असं मला कुणी सांगू नये. आणि कुंड्या मी सहावर आणल्यात, आधी चौदा होत्या. जेवढी पानं आठवड्याला उलटून बघता येतात तेवढ्याच कुंड्या. गुलाब दोन्ही देऊन टाकले, त्यांचं माझ्यानं होत नव्हतं.

सासूबाईंची जास्वंद जगली. तीनच फांद्या राहिल्यात आणि फुलं कमी येतात, पण आहे. कढीपत्त्यावर सध्या तीन अळ्या आहेत. आधी पक्ष्याची शीट वाटावी अशा, काळ्या-पांढऱ्या होत्या, आता हिरव्या झाल्यात. बोट जवळ नेलं की डोक्यामागून लाल शिंग बाहेर काढतात, नातू त्यावरच खूश आहे. दोनतीन आठवड्यांत कोश करतील आणि काळी-पांढरी फुलपाखरं होऊन जातील. तोवर फोडणीला कढीपत्ता बाजारातून येतोय. ह्यांनी एकदाच विचारलं, "झाड घरात असून विकत?" आणि मग त्यांनीच दहा रुपयांचा आणून दिला.

परवा त्या वहिनींना मी फोन करून म्हटलं, आधी पान उलटून फोटो पाठवा. संध्याकाळी आला. पांढरं होतं ते पिठ्या ढेकूण नव्हतंच. आक्रसलेल्या पानात मावा होता आणि पांढरं दिसत होतं ते माव्यानं टाकलेल्या कातीचं. शिवाय पानाच्या खाली केसासारख्या बारीक देठांवर उभी असलेली सातआठ अंडी, मोत्याच्या कण्यांसारखी. ती जाळीदार पंखांच्या एका हिरव्या किड्याची, ज्याची पिल्लं मावा खातात. मी लगेच फोन लावला. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, यांनी दुपारीच बाटली आणून ठेवलीय. आता ती दुकानात परत घेतील का?"

घेतली नाही तर काय करायचं, ते शुक्रवारी ओट्यावर बोलू. मोरीत ओतू नका एवढं सांगून ठेवलंय.